मिस्त्रींची सातवी गाडी

उभी असलेली गाडी आमचे मिस्त्री बघतच नसत. बॉनेट उघडून ठेवा, दोष सांगा, आवाजाची नक्कल करून दाखवा, ते आपले दुसरीकडे तोंड करून लोकर कातत बसायचे. आपलं सगळं बोलून झालं की त्यांच्याकडून एकच शब्द यायचा, "चालवा." मग मालकाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, उस्मानपुऱ्याच्या रस्त्याने माणसाच्या चालीने न्यायची आणि मिस्त्री तिच्यामागून चालणार. डोक्याला गुलाबी पटका, हातात गरगर फिरणारी तकली आणि नजर मागच्या चाकांवर. मधूनच तकली खांद्यावर टाकून ते डिकीवर तळहात ठेवायचे आणि पाच-पन्नास पावलं डोळे मिटून चालायचे.

मला पहिल्यांदा असं चालवलं तेव्हा माझा पारा चढला होता. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. रस्त्यावर माझे विद्यार्थी होते, विद्यार्थ्यांचे आईबाप होते. मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो की मिस्त्री, क्लच घसरतोय हे मी आधीच सांगितलं आहे, ही मिरवणूक कशाला? ते म्हणाले, "उभ्या मेंढीचं लंगडणं कुणाला दिसलंय का सर? चालू द्या." दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर कुणीतरी गाडी आणि तिच्यामागे पटकेवाला असं चित्र काढून ठेवलं होतं. चित्र चांगलं होतं, म्हणून मी जास्तच रागावलो.

दोष मात्र क्लचचा नव्हता. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल गळून क्लचप्लेटवर येत होतं. ते सील बाजारात मिळेना, तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्याच हातच्या लोकरीचा पीळ ग्रीसमध्ये भिजवून तिथे बसवला. तो पुढे सहा वर्षं टिकला. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

मिस्त्री मूळचे मेंढपाळाच्या घरातले. कन्नडच्या डोंगराकडून कळपामागे चालत आलेलं पोर एका जहागीरदाराच्या बंगल्यावर मोटारी धुवायला लागलं आणि तिथल्या ड्रायव्हरकडून काम शिकलं. पोलीस ॲक्शन झाली, जहागीरदार हैदराबादला निघून गेले. जाताना त्यांनी घोडे विकले, माणसं सोडली आणि एक मोटार तेवढी तबेल्यात ठेवून मिस्त्रींना सांगितलं, हिच्याकडे बघत जा. मिस्त्री बघत राहिले. काही वर्षांनी बंगल्याचे नवे मालक म्हणाले की हे भंगार उचला. तोवर त्या मोटारीचं इंजिन, सीटा, चाकं असं बरंच काही जिकडेतिकडे झालं होतं. उरलेला सांगाडा मिस्त्रींनी बैलगाडीवर घालून आपल्या दारात आणला.

त्याच जातीच्या आणखी सहा गाड्या तेव्हा शहरात आणि आसपास चालत होत्या. सगळा विलायती माल. बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीच बंद केलं होतं, त्यामुळे मुंबईलाही सुटे भाग मिळत नसत. या सहांतली एक मी घेतली होती. ती माझ्याहून चारच वर्षांनी लहान होती आणि ती घेण्याआधी मी बायकोला विचारलं नव्हतं, एवढं सांगितलं तरी पुरे. एक वैजापूरच्या कांद्याच्या अडत्याकडे होती, एक निवृत्त ओव्हरसियरांकडे. बाकीच्या तिघांशी माझी ओळख फक्त त्यांच्या गाड्यांच्या भागांपुरती होती. माझ्या गाडीचा मागचा एक्सल पूर्वी एका वकिलाच्या गाडीत होता आणि माझं मूळ स्टिअरिंग आता जालन्याला हिंडत होतं. सहा गाड्यांचे अवयव असे आपसात फिरायचे आणि कोणाचं काय कोणात आहे हे फक्त मिस्त्रींना ठाऊक असायचं. या सहांना ते "आपला कळप" म्हणायचे. सातवी त्यांची स्वतःची.

त्यांनी हाताखाली पोरगा कधी ठेवला नाही. ज्याची गाडी त्यानेच हाताखाली काम करायचं. डॉक्टर असो, वकील असो, सदरा काढायचा, पाठीखाली गोणपाट घ्यायचं आणि गाडीखाली सरकायचं. मिस्त्री शेजारी आडवे होऊन सांगणार, हा बोल्ट सोडा, तो राहू द्या. माझ्या बायकोने माझे सहा सदरे या कामात पोछ्याला लावले.

याहून चमत्कारिक रिवाज उसन्या पार्टचा होता. एकाच्या गाडीतला भाग दुसऱ्याला दिला, की घेणाऱ्याने कधीतरी तसाच भाग मिळवून परत करायचा. इथपर्यंत ठीक. पण तो परत करताना त्याने स्वतः जाऊन स्वतःच्या हाताने बसवायचा, मिस्त्रींनी हात लावायचा नाही. आणि ज्याचं परत येतंय त्याने त्या वेळी तोंड फिरवून बसायचं. त्यांच्या माणसांत मेंढी उसनी दिली-घेतली की असंच करतात म्हणे. परत करायला माणूस पाठवायचा नाही, आपल्या पायाने हाकत न्यायची. आणि परत देणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, बघितलं तर त्याचा पाणउतारा होतो.

मी त्यांना शास्त्रीय दृष्टीने समजावलं की मेंढी आणि गिअरबॉक्स यांत फरक आहे. मेंढी चुकीची बसवता येत नाही. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं पुस्तक बरोबर हाय सर. पर पुस्तकाला लाज वाटत नाय, माणसाला वाटती." मी पाना उचलला.

आता मामींकडे यायला हवं. मिस्त्रींना आम्ही सगळे मिस्त्री म्हणत असलो, तरी त्यांच्या बायकोला का कोण जाणे, मामीच म्हणायचो. वर्कशॉप म्हणजे नाल्याकाठचं पत्र्याचं छप्पर आणि त्याला लागून त्यांच्या दोन खोल्या. सातवी गाडी मामींच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर असायची. तिच्या टपावर मिरच्या वाळायच्या आणि मागच्या सीटच्या जागी कोंबड्या अंडी घालायच्या. मामी बोलायला तिखट, पण या गाडीबद्दल त्या कधी काही बोलत नसत. त्यामागची गोष्ट मला अडत्याने सांगितली.

मामींचं माहेर शरणापूरच्या पुढे, सडकेपासून आत एका वस्तीवर. म्हणजे शहरापासून फार तर सात-आठ मैल. तिथे भाच्याच्या जावळाला दोघं एसटीने गेले होते. पंगत बसलेली असताना मामींचा भाऊ चार लोकांत म्हणाला की दाजी जगाच्या मोटारी चालत्या करतात आणि आमच्या बहिणीला एसटीत उभी करून आणतात. चेष्टाच होती. पण मिस्त्रींनी हातातला घास खाली ठेवला आणि सांगितलं, आता ही येईल ती माझ्या मोटारीतच येईल. बोलले मिस्त्री, पण तो शब्द उचलला मामींनी. त्यानंतर त्या माहेरी गेल्या नाहीत. भाऊ दर पंचमीला न्यायला यायचा, जेवायचा आणि एकटा परत जायचा. नऊ वर्षं.

या नऊ वर्षांत सातवी गाडी तीनदा पूर्ण होत आली होती आणि तीनदा मोकळी झाली होती. कारण उघड होतं. कळपातलं कोणीतरी अडलं, त्याला पार्ट कुठेच मिळेना, की मिस्त्री स्वतःच्या गाडीखाली सरकायचे. गिअरबॉक्स अडत्याने नेला होता. ऐन हंगामात त्याची गाडी बंद पडली आणि तो रडकुंडीला आला होता. मी हे ऐकून अडत्याला मनातल्या मनात स्वार्थी ठरवलं. पुढच्याच वर्षी अडत्याने दुसरा गिअरबॉक्स आणून रीतसर आपल्या हाताने बसवला, आणि मग माझी पाळी आली.

ते श्रावणाचे दिवस होते. सातवी सुरू झाली होती, पंचमीला चार दिवस होते, कोंबड्यांना दुसरीकडे हलवलं होतं आणि मामींनी सीटवर धुतलेली चादर घातली होती. त्या दिवशी मी माझी गाडी तीन माणसांकडून ढकलून आणली. मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्या दातांवरून इंजिनाचा जोर वळून चाकांना मिळतो, त्याचे दात साफ झाले होते. मिस्त्रींनी त्यातलं तेल पांढऱ्या जर्मनच्या ताटात ओतून उन्हात धरलं. तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. "खलास," ते म्हणाले. ते या गोळ्याला गाडीचा कलेजा म्हणायचे.

माझी अडचण अशी होती की बायकोला आठवा महिना होता, बाळंतपणासाठी तिला वैजापूरला माहेरी पोहोचवायचं होतं आणि डॉक्टरांनी एसटीचे धक्के सक्त मना केले होते. हे मी सांगून टाकलं आणि सांगताना सातव्या गाडीकडे बघायचं टाळलं. मिस्त्रीही तिकडे बघेनात. ते लोकर कातू लागले. दारातून मामी म्हणाल्या, "काढा की मंग. पोटुशी बाई काय ढकलगाडीत जाईन का?"

मिस्त्री म्हणाले, "पंचमी चार दिसावर आली."

"मला म्हैत हाय. काढा."

मीच गाडीखाली सरकलो आणि त्यांच्या गाडीचा कलेजा माझ्या हाताने काढला. बाहेर आलो तेव्हा मामी सीटवरची चादर घडी करत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना म्हणालो, "मामी, वैजापूरच्या वाटेवरच तुमचं माहेर आहे, तुम्हीही चला माझ्या गाडीत. आता निम्मी गाडी मिस्त्रींचीच आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "निम्म्या गाडीचा शब्द नव्हता, सर." दुपारी टपावर पुन्हा मिरच्या पसरल्या.

मला मुलगी झाली. गोळा मात्र कुठे मिळेना. मी मुंबईच्या चोरबाजारात दोन दिवस हिंडलो, हैदराबादला पत्रं घातली. दिवाळी झाल्यावर मामींचा भाऊ आला तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो. या वेळी तो न्यायला आला नव्हता, सांगायला आला होता. त्यांच्या आईची नजर जात चालली होती. मोतीबिंदू नव्हता, दुसरंच काहीतरी, आणि घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही आणि राहिलेलीही फार दिवस राहायची नाही.

"समोरचं तेवढं दिसतं तिला," तो म्हणाला. "बाजूचं नाय दिसत. म्हणती, लेक गाडीत येणार म्हणं, तर मला दिसतं तवर येऊ द्या."

मिस्त्री मामींना म्हणाले, "उद्या यस्टीनं जा. माहा शब्द म्या मोडला म्हण."

मामी जाणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नऊ वर्षं ज्या शब्दासाठी घालवली, तो असा सोडून दिला तर ती नऊ वर्षं कशात धरायची? मी हट्टी माणूस आहे, मला ते कळलं. त्या रात्री माझ्या बायकोने सरळ सांगितलं की आपल्या गाडीतला काढून द्या आणि आपली विका. मी तेच ठरवलं होतं, पण आठवड्याभरात वाट आपोआप निघाली. ओव्हरसियरांच्या गाडीवर चिंचेचं झाड पडलं. गाडी वरून पापडासारखी झाली आणि खालून शाबूत राहिली. मी आणि अडत्या तिथे पोहोचलो तेव्हा ओव्हरसियर झाडालाच शिव्या देत होते. ते म्हणाले, खालचं काय हवं ते न्या, वरचं मला बघवत नाही.

पुढच्या रविवारी मी गोळा घेऊन मिस्त्रींच्या दारात हजर झालो. अडत्या मदतीला आला होता, पण त्याचं पोट गाडीखाली मावेना, म्हणून तो बाहेर बसून पाने पुढे करू लागला. रिवाजाप्रमाणे मिस्त्री तोंड फिरवून बसले. मी जन्मात इतकं मन लावून काम केलं नव्हतं. मणभर लोखंड छातीवर घेऊन उताणा पडलो होतो आणि त्याही स्थितीत अडत्याला समजावत होतो की वळणावर आतलं चाक कमी फिरतं आणि बाहेरचं जास्त, आणि हे सगळं या दातांमुळे कसं होतं. अडत्या हो हो म्हणत होता. बोल्टांची भोकं पहिल्या झटक्यात जुळली. मी सगळे बोल्ट क्रमाने आवळले, तेल भरलं आणि बाहेर येऊन म्हणालो, झालं. मिस्त्रींनी मागे वळून बघितलंही नाही. उद्या निघू, एवढंच बोलले.

सोमवारी सकाळी मी कॉलेजातून रजा घेऊन गेलो. मामी हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मी आणि अडत्या मागे. अडत्याने भेट म्हणून दोन पोती कांदे आणले होते आणि ते अजून गाडीमागेच ठेवलेले होते. आळीतली सगळी माणसं जमली होती. मिस्त्रींनी पटका सारखा केला, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली आणि कांद्याच्या पोत्यावर चढली.

लोकांना वाटलं, भांबावून रिव्हर्स पडला. मिस्त्रींनी पुन्हा पहिला टाकला. गाडी दुसऱ्या पोत्यावर गेली. त्यांनी दुसरा टाकून बघितला, गाडी आणखी जोरात मागे. शेवटी त्यांनी रिव्हर्स टाकला. गाडी अलगद पुढे गेली.

मला कळलं होतं. तो गोळा वरची बाजू खाली करूनही तितकाच चोख बसतो, भोकं दोन्हीकडून जुळतात, आणि तसा बसला की चाकं उलटी फिरतात. गाडीला चार गिअर मागे जायला आणि एकच पुढे यायला. कळपात हे कधी कोणाकडून झालं नव्हतं. कोणाही मिस्त्रीने एका नजरेत हे ओळखलं असतं, पण नजर टाकायची नाही असाच तर रिवाज होता.

मिस्त्री उतरले, गाडीखाली वाकून बघितलं, उठले, हात झटकले आणि मला म्हणाले, "सर, तुमी शिकवलेली पोरं पास व्हतात का?"

आळी पोट धरून हसली. मी म्हणालो की आत्ता खोलतो, संध्याकाळपर्यंत सरळ करून देतो. मिस्त्रीही म्हणाले, उद्या जाऊ. मामींनी दाराची काच वर केली.

"म्या उतरणार नाय," त्या आतून म्हणाल्या. "पुढं जाती ना? तेवढं बास झालं."

मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांचं सगळं नाव चालत्या गाडीवर. त्यांनी आता शहरभर, भर सकाळी, रिव्हर्स गिअरमध्ये पुढे जायचं होतं. त्यांनी एकदा बंद काचेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडीत बसले.

त्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझी अब्रूही त्यात आहे. रिव्हर्स गिअरला वेग नसतो, फक्त आरडाओरडा असतो. छावणीच्या चौकात गाडी बंद पडली, आणि पुन्हा निघताना मिस्त्रींचा हात सवयीने पहिल्या गिअरवर गेला. आम्ही मागच्या टांग्यापर्यंत गेलो. चौकातला पोलीस शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "क्या मामू, आगे जाना है के पीछू? पक्का करो पैले." पडेगावला पाणी उकळलं. तिथे थांबलो, थंड केलं, निघालो. पुढे आम्हाला मेंढ्यांच्या एका कळपाने मागे टाकलं. मेंढका मिस्त्रींच्या ओळखीचा निघाला. तो खिडकीशेजारून चालत घरच्या सगळ्यांची चौकशी करत राहिला आणि मग घाई आहे म्हणून पुढे गेला. मामी सरळ समोर बघत बसल्या होत्या. अडत्या मला अधूनमधून विचारायचा की आतलं चाक कमी फिरतं का बाहेरचं.

सडकेपासून वस्तीपर्यंत मैलभर सरळ गाडीवाट होती, दोन्ही बाजूंना मोकळं रान. इंजिनाच्या ओरडण्याने सगळी वस्ती बाहेर येऊन उभी राहिली होती. भावाने पुढे होऊन कौतुकाने बॉनेटवर हात ठेवला आणि भाजला म्हणून लगेच उचलला. चेष्टेचा शब्द त्याने काढला नाही. म्हातारी अंगणाच्या कडेला काठी धरून उभी होती. मामी उतरून बाजूने गेल्या, तर तिला दिसेनाच. ती नुसतीच गाडीकडे बघत विचारत होती, कुठं हाय, कुठं हाय. मग मामी अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि ते जरा दूर धरून, जरा जवळ आणून बघत राहिली. "लई वाळलीस," ती म्हणाली. मी रानाकडे तोंड केलं. अडत्या उघड उघड रडत होता.

दुपार कलल्यावर निघालो. मिस्त्री गाडी वळवू लागले, मग थांबले. येताना इंजिन जेमतेम वाचलं होतं, आणि रिव्हर्सवर पुन्हा हा मैल ओढला तर शहर येण्याआधीच ते बसलं असतं. मागे जायला मात्र चार गिअर होते. ते म्हणाले, सडकेपर्यंत असंच जाऊ, थंड राहील. त्यांनी मान मागे वळवली, पहिला टाकला, मग दुसरा, मग तिसरा, आणि गाडी कसलीही कुरकुर न करता, पाण्यावरून चालल्यासारखी मागे मागे निघाली.

मिस्त्री मागे बघत होते, मी आणि अडत्याही भीतीने मागेच बघत होतो. पुढे बघत होत्या एकट्या मामी. माहेराहून निघालेली बाई मान वळवून वळवून बघते आणि पहिल्याच वळणाला माणसं दिसेनाशी होतात. मामींना मान वळवावी लागली नाही. त्यांचं तोंड आईकडे आणि आईचं त्यांच्याकडे, मधे सरळ वाट. आम्ही सडकेला लागलो तरी अंगणाच्या कडेला ती काठी दिसत होती. म्हातारीला तिच्या उरलेल्या नजरेत तेवढी समोरची वाट पुरत होती.

मंगळवारी मी पाने घेऊन गोळा सरळ करायला गेलो. मामी म्हणाल्या, राहू द्या, पुढच्या खेपेला जाऊन आल्यावर करा. पुढच्या खेपेनंतरही तेच म्हणाल्या. मी मिस्त्रींकडे बघितलं, ते लोकर कातत होते. त्यांना शहरात लोक काय काय बोलत होते हे मला माहीत होतं. दुसरे मेकॅनिक त्यांना भर रस्त्यात विचारायचे की मिस्त्री, पुढे जायचा गिअर मिळाला का? त्यांच्या हुन्नराला लागलेला तो बट्टा माझा होता, आणि मी वर्षभर दर आठवड्याला जाऊन विचारत होतो की करू का सरळ? ते म्हणायचे, घाई नाही. दर पंधरा दिवसांनी ती गाडी ओरडत ओरडत शरणापूरकडे जायची आणि त्या मैलावरून मागे मागे परत यायची.

मग एकदा, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या सुमारास, मिस्त्री कॉलेजात आले. ते कधी कोणाच्या दारी जात नसत. प्रयोगशाळेच्या बाहेर पटका हातात घेऊन उभे होते.

"सर, सवडीनं या," ते म्हणाले. "आता कलेजा सरळ केला तरी चालंल. म्हातारीला आता नुसता आवाज येतो."